अर्धी साद

हरजी नायक तांड्यावर वीज नव्हती, आणि ती नाही म्हणून कोणी फारसं रडतही नव्हतं. डोंगरकडा गावाकडून आलेले विजेचे खांब ओढ्यापर्यंत येऊन थांबले होते. शेवटच्या खांबावर तार गुंडाळून ठेवलेली होती आणि त्या गुंडाळीत साळुंक्यांनी घरटं केलं होतं. सरकारी माणसं अधूनमधून यायची. नायक मोहनसिंग त्यांना बाजेवर बसवायचा, चहा पाजायचा आणि सांगायचा, "साहेब, तुमचं काम बराबर हाय. पन आमच्या तांड्यात तार न्हाई अन बोलती पेटी न्हाई. बाकी काय बी सांगा, आमी ऐकतो."

बोलती पेटी म्हणजे रेडिओ, टेप, टीव्ही. पुढं फोन आले, तेही त्यातच धरले गेले. हा नियम नायकाच्या आजोबानं घातला होता. त्यामागं कारण होतं ते बायकांच्या रडण्याचं.

तांड्यातल्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या, किंवा घरात कोणी गेलं, की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. त्याला ढावलो म्हणतात. एक जण गात गात रडते, मग थांबते. तेवढ्या जागेत दुसरीनं साद द्यायची. साद मिळाली की पहिली पुढं चालू करते. तिसरी कोणी येऊन दोघींच्या मध्ये हात घालून सोडवेपर्यंत हे चालतं. सोडवणारीनं दोघींना पाणी पाजायचं. पुरुषांनी तोवर पाठ करून उभं राहायचं. ज्या बाईचं रडणं बिनसादेचं राहिलं ती मेल्यावर जागची हलत नाही, असं तांड्यात मानत. पेटीतली बाई रडली आणि इकडून साद दिली, तर ती तिला पोचली की नाही हे कळणार कसं? आणि नाही पोचली, तर ती रडत कोणाच्या दारात बसेल? म्हणून पेटी नको. नायकाच्या आजोबानं काय पाहिलं होतं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. नियम तेवढा सांगितला.

गुलाबचंद राठोडचं या नियमाशी कधी भांडण नव्हतं. त्याची बायको नानीबाई काविळीनं गेली तेव्हाही त्यानं नियमाला बोल लावला नाही. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिचं तोंड त्याला आठवायचं. हात आठवायचे, चुलीपुढं बसण्याची तऱ्हा आठवायची. पण आवाज आठवेना. ती काय काय बोलायची ते सगळं त्याला पाठ होतं, फक्त ते शब्द आता त्याच्या स्वतःच्या आवाजात यायचे. रानात एकटा असताना तो तिची वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायचा. "जेवता का आता, का कांदा बी मीच तोंडात घालू?" असं म्हणायचा आणि थांबायचा. नाही जमायचं.

त्यांना एकच मुलगी, दिपा. ती वसमतला वसतिगृहात राहून कॉलेज शिकत होती. तिला शिकवायचं हा हट्ट नानीबाईचा. दिपा लहान असताना नानीबाई तिला शाळेत घालायला गेली, तेव्हा शाळेतल्या लोकांनी तिच्या फेटिया-कांचळीकडं, म्हणजे आरसे लावलेल्या घागरा-चोळीकडं, दंडापर्यंतच्या चुड्याकडं, गालावर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्यांकडं असं बघितलं की ती घरी आली आणि सगळं उतरवून पेटाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून लुगडं नेसायला लागली. तांड्यात लुगडं नेसणारी ती पहिली.

तिची थोरली बहीण भिकाबाई त्याच तांड्यात दिली होती. दोघींची दारं समोरासमोर. भिकाबाईनं त्या दिवशी सेवालाल महाराजांच्या झेंड्यापुढं शपथ घेतली की लुगड्याच्या बाईला गळ्यात घेणार नाही. पुढं त्यांची आई गेली. नानीबाई रडत बहिणीच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि भिकाबाईनं कवाड लावून घेतलं. नानीबाई परत आली, चुलीला जाळ घातला, भाकरी थापायला बसली. गुलाबचंदनं तिला रडताना पाहिलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

२००२ सालच्या उन्हाळ्यात दिपा परीक्षा देऊन आली. बसनं फाट्यावर उतरली. गुलाबचंद तिचं ओझं घ्यायला गेला होता. तिनं पिशवीतून एक टेप काढला.

गुलाबचंद म्हणाला, "हे काय आनलंस? नायक मला झाडाला बांधंल."

"आत कुठं न्यायचाय? हितंच ऐकायचं. बा, याडीचा आवाज हाय ह्यात."

गुलाबचंद खाली बसला. याडी म्हणजे आई. कोणाची आई, हे विचारायची त्याला गरज पडली नाही.

दिपानं सांगितलं ते असं. तिच्या कॉलेजात करुणा मॅडम म्हणून मराठी शिकवायच्या. त्यांनी बऱ्याच वर्षांमागं जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात फिरून बायकांची गाणी टेप केली होती. सीताफळं विकायला बसलेल्या बायकांपुढं त्यांनी यंत्र धरलं. बाकीच्यांनी लग्नाची गाणी म्हटली. त्यातली एक म्हणाली, "रडलं तर चालंल का?" मॅडम म्हणाल्या, चालेल. दिपानं वर्गात आपल्या तांड्याचं नाव सांगितलं तेव्हा मॅडमना आठवलं, ती रडणारी बाई त्याच तांड्याची होती. त्यांनी कॅसेट शोधून दिली, टेप दिला, वर नवे सेलही घालून दिले.

फाट्यावर एक जुना लिंब होता. तांड्याची शीव त्याच्या अलीकडं संपायची. ऊन असं पडलं होतं की पाखरूही हलत नव्हतं. दोघं बुंध्याशी बसले आणि दिपानं बटण दाबलं.

आधी बाजार ऐकू आला. कोंबड्या, वजनाच्या तागडीची साखळी, कोणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. मग नानीबाई बोलली. "हितं तोंड धरू का?" एवढंच. तोच आवाज. जरासा नाकातला, शेवटचा शब्द ओढणारा.

मग तिनं ढावलो धरला. रडणं बहिणीला होतं. बाई गं, आपली याडी गेली, तुझ्याकडं एक दार आहे आणि माझ्याकडं एक, मधल्या अंगणात मी किती उभी राहू. माझ्या अंगावर लुगडं आहे, लुगड्याच्या आत मीच आहे, हात लावून बघ. असं गात ती थांबली. साद येण्याएवढी जागा सोडली. बाजार तेवढा ऐकू येत राहिला. मग पुढं रडली, पुन्हा थांबली. प्रत्येक वेळी जागा सोडत होती, जशी काही समोरची दम घेऊन बोलणारच आहे.

गुलाबचंदनं सवयीनं पाठ केली. पुरुषानं हे समोरून ऐकायचं नसतं. म्हणून दिपाचं तोंड त्याला दिसलं नाही. पण ऐकू आलं. नानीबाई तिसऱ्या की चौथ्या वेळी थांबली तेव्हा दिपा म्हणाली, "हं."

फोनवर पलीकडचा बोलताना आपण म्हणतो तसं. मुलगी वसतिगृहात वाढलेली. तिनं ढावलो दुरून पाहिला होता, धरला कधीच नव्हता. साद कशी देतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि आईचं बोलणं कानावर पडल्यावर गप्पही राहवलं नाही.

टेपमधली नानीबाई पुढचं चटकन बोलली नाही. गुलाबचंदला वाटलं, ही जागा आधीच्या जागांपेक्षा लांबली. मग ती रडायला लागली, पण आवाज जरा जवळून आल्यासारखा झाला.

कॅसेट संपली. टेप लिंबाच्या ढोलीत पालापाचोळ्याखाली ठेवून दोघं घरी गेले.

त्या संध्याकाळी दिपा चिमणी लावत होती आणि गुलाबचंद दारात पाय धूत होता. कणगीच्या मागं कोणीतरी पुटपुटलं. ओल्या फडक्यात तोंड घालून बोलावं तसं. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. मग ते थांबलं.

दिपा म्हणाली, "हं."

गुलाबचंदनं विचारलं, "कोनाला म्हनलीस?"

"मी? मी कुठं काय म्हनले?"

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या. चिमणी लागली की कणगीमागून ते यायचं, थांबायचं, आणि दिपाच्या तोंडून 'हं' जायचं. तिला ते म्हटल्याचं ठाऊकही नसायचं. गुलाबचंद घाबरला का? खरं सांगायचं तर नाही. तो रानातून लवकर परतायला लागला. अंग धुऊन, धुतलेला सदरा घालून कणगीला पाठ लावून बसायचा. रोज शब्द थोडे थोडे उमगायला लागले होते. बोलणं त्याच्याशी नव्हतं, तरी काय झालं? घरात होतं ना. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला नीट झोप लागत होती.

भिकाबाईचा मुलगा प्रेमदास समोरच्या अंगणातून हसायचा. "काका, आजकाल लई नटून बसून राहिलेत. पाव्हने येनार का दिपाला बघायला?"

"तुझी टीव्ही बघून झाली का?" गुलाबचंद विचारायचा. प्रेमदास रोज संध्याकाळी डोंगरकड्याला जाऊन कोणाच्या तरी खिडकीतून टीव्ही बघून यायचा, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. तो म्हणायचा, "नियम तांड्यात आनायचा न्हाई असा हाय. म्या डोळ्यात घालून आनतो. डोळं झडतीला घेता का?"

इकडं दिपाचं बोलणं कमी व्हायला लागलं. आधी गुलाबचंदला वाटलं, अभ्यासाचा शीण असेल. मग भाकरीला बोलावलं तरी ती म्हणायची, "हं." पाणी आणलंस का? "हं." तुला बरं वाटत नाही का? "हं." मैत्रिणीचं पत्र आलं ते तिनं हातात धरलं, त्याच्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि बाकी काहीच आलं नाही. डोळे मात्र तिचेच होते, आणि ते भ्यालेले होते. गुलाबचंद तिला वसमतला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं, म्हणाला सगळं साफ आहे. गोड औषधाची बाटली दिली.

तेव्हा तो भिकाबाईकडं गेला.

भिकाबाई उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती. अंगावर भिंगाची कांचळी, दंडापर्यंत चुडा, गालावर घुगऱ्या. मान हलली की त्या वाजायच्या. पाय सुजलेले असायचे म्हणून ती अंगणाच्या पलीकडं जात नसे.

"या पाव्हनं. बरी वाट चुकलात."

गुलाबचंदनं सगळं सांगितलं. टेपचंही सांगितलं. भिकाबाईचा हात सुपात थांबला.

"म्हंजे पोरीनं अर्धी साद दिली," ती म्हणाली. "आता ती बाकीची मागून राहिली. पोरीकडं न्हाई तर कुठून देनार? आतून ओढून घेईल ती, अन पोरगी तशीच मुकी ऱ्हाईल."

"तिचं रडनं तुमाला हाय, भिकाबाई. तुमी साद द्या."

"मी लुगड्याच्या बाईला गळ्यात घेत न्हाई. शपथ हाय."

"आता कसलं लुगडं? जाळली तिला."

"जाळताना काय नेसवलं व्हतं?"

गुलाबचंदनं तिच्या सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाला, "लुगडं."

"मंग?" भिकाबाईनं सूप पाखडलं. "पोरीला शाळेत घातलं, चांगलं केलं. तिथं सगळं शिकवलं, रडायचं तेवढं न्हाई शिकवलं. जा, तिथल्या मास्तरणीला म्हनावं, द्या साद."

गुलाबचंद उठला. तो अंगणात पोचल्यावर तिनं मागून हाक मारली.

"अन गुलाबचंद, ऐका. समजा म्या दिली. साद पुरी झाली की बाई जाती. मंग संध्याकाळी कनगीमागं काय बी ऐकू येनार न्हाई, पेटीत बी न्हाई. चालंल तुमाला? का पोरीच्या नावानं आलात अन मनात दुसरंच हाय?"

त्यानं मागं वळून बघितलं नाही.

भिकाबाई नाही म्हणाली, आता आपण काय करणार, असं तो स्वतःला सांगत राहिला. असं सांगताना त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटायची. नायकाकडं जावं, पंच बसवावेत, असं रोज ठरवायचा. संध्याकाळ झाली की सदरा बदलून कणगीला टेकायचा. आता नानीबाईचा शब्द न् शब्द कळत होता.

एका संध्याकाळी रानातली गाय व्याली म्हणून त्याला उशीर झाला. घरात चिमणी लागलेली होती. दिपा कणगीपाशी उभी होती, तिचे दोन्ही हात पुढं वेढा घातल्यासारखे होते, आणि वेढ्यात कोणी नव्हतं. हात मात्र जागच्या जागी नव्हते. कोणी हुंदके देत असलं की त्याच्याभोवतीचे हात जसे वर-खाली होतात, तसे ते होत होते. दिपा मधून मधून म्हणत होती, "हं... हं..." तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. तिच्या ड्रेसचा उजवा खांदा मात्र भिजून गेला होता. ओल खाली बाहीपर्यंत उतरली होती.

गुलाबचंदनं तिचे हात धरून खाली घेतले. खांद्याला त्याचा तळवा लागला. ओल कोमट होती.

त्या क्षणी त्याला नानीबाईची भीती वाटली नाही. स्वतःची वाटली. इतके दिवस तो इथं टेकून बसला होता, तेव्हा पोरगी त्याच्या मागंच उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तो फाट्यावर गेला, ढोलीतून टेप काढला आणि तो उघड्या हातात धरून तांड्यात आला. ओढा ओलांडला, सेवालालच्या झेंड्यावरून गेला. बायका दारात आल्या. प्रेमदास ओरडला, "काका, टीव्ही आनली का काय?" मग त्याचं तोंड बघून तो मागोमाग चालू लागला. नायक मोहनसिंग बाजेवरून उठून उभा राहिला.

"गुलाबचंद, ते खाली ठेव."

"ठेवतो, नायक. भिकाबाईच्या अंगनात ठेवतो."

"तुला तांड्याबाहेर काढावं लागंल मला."

"काढा. आधी हे होऊ द्या."

नायक अडवायला दोन पावलं पुढं आला. दिपा बापाच्या मागून येत होती. नायकानं तिला विचारलं, "पोरी, तू तरी सांग बापाला." दिपानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हं." नायक बाजूला झाला.

भिकाबाई उंबऱ्यातच होती. टेप तिच्यापुढं ठेवला तरी तिनं तो बघितला नाही. ती दिपाकडं बघत होती. रात्रीचा ड्रेस बदललेला होता, तरी नव्या ड्रेसचा खांदाही आता भिजला होता.

"कोन रडलं हितं?" भिकाबाईनं खांद्याकडं बोट दाखवत विचारलं.

"हं," दिपा म्हणाली.

भिकाबाई चौकट धरून उठली. "लाव," ती म्हणाली.

गुलाबचंदनं बटण दाबलं आणि पाठ केली. अंगणातल्या सगळ्या पुरुषांनी पाठ केली. बाजार ऐकू आला. मग नानीबाई.

पहिली जागा आली. भिकाबाई गप्प. आजूबाजूच्या दारांतल्या बायका चुळबुळत होत्या, पण ज्या बाईचं नाव घेऊन रडणं आहे तिनंच बोलायचं असतं. दुसरी जागा आली आणि दिपा म्हणाली, "हं." लगेच तोंडावर हात पडल्याचा आवाज आला.

"तू गप," भिकाबाई म्हणाली. "हे तुझं न्हाई."

आणि तिनं साद दिली.

तिचा आवाज जाड होता, गंजलेला. किती तरी वर्षांत तिनं ढावलो धरला नव्हता. ती म्हणाली, ये गं, दार लावलं ते माझंच माझ्या बोटावर लागलं, आतल्या बाजूनं मी पण उभीच होते, तू गेलीस तरी मी उभीच होते. घुगऱ्या वाजायला लागल्या. नानीबाईनं पुढचं धरलं. साद आली. पुन्हा तिनं धरलं. आता जागा कमी-जास्त होत नव्हत्या. दोन बायका जशा रडतात तशा दोघी रडत होत्या. गुलाबचंद ओढ्यापलीकडच्या खांबाकडं बघत उभा होता आणि एक एक शब्द कानात भरून घेत होता, कारण आता ते मोजकेच उरले होते.

टेपचं बटण खट् करून वर आलं. कॅसेट संपली होती.

रडणं थांबलं नाही. दोन्ही आवाज चालू होते.

कोणी हललं नाही. एका पुरुषानं मांडी थोपटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच सोडलं. भिकाबाईचा दम तुटायला लागला होता. ती म्हातारी बाई, सुजलेल्या पायांवर उभी. सोडवलं नाही तर ती तशीच रडत जिवानिशी जाईल, हे सगळ्यांना कळत होतं. पण दारातली एकही बाई पुढं येईना. मध्ये हात कोण घालणार?

प्रेमदास पाठमोराच म्हणाला, "कुनी तरी सोडवा रे माझ्या याडीला!"

तेव्हा दिपाची पावलं वाजली. पुढचं गुलाबचंदनं पाहिलं नाही. दिपानं नंतर सांगितलं, तेही एकदाच. ती म्हणाली, मी हात घातला तेव्हा एका बाजूला मासीचा चुडा लागला, टणक. दुसऱ्या बाजूला नुसतं मनगट होतं.

रडणं थांबलं. तांब्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. भिकाबाई पाणी प्यायली. मग तिचा आवाज आला, "तिला बी दे." थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा घोट घेतल्याचा आवाज आला. तो भिकाबाईचा होता की नाही, हे पाठ केलेल्या पुरुषांना कळायचं कारण नव्हतं, आणि दारातल्या बायकांना कोणी विचारलं नाही.

सगळे वळले तेव्हा भिकाबाई उंबऱ्यात बसली होती. कांचळीवरची भिंगं पुढून भिजलेली. ती आपल्या हाताच्या तळव्यांकडं बघत होती.

"मऊ व्हतं," ती गुलाबचंदला म्हणाली. "लुगडं. मला वाटलं व्हतं, कसं तरीच लागत असंल."

दिपानं तांब्या खाली ठेवला. घसा खाकरला. "बा," ती म्हणाली. आवाज फाटलेला होता, पण तिचा होता. "मला लई भूक लागून राहिली."

गुलाबचंदनं तिला घरी नेलं, भाकरी आणि ठेचा वाढला. ती जेवत होती आणि मध्ये मध्ये उगीच बोलत होती, भाकरी जाड झाली, ठेच्यात मीठ नाही, असं काहीही. तो ऐकत होता. मग तिला भिकाबाईजवळ बसवून तो टेप घेऊन फाट्याकडं निघाला. ऊन उतरलं होतं, उजेड होता.

लिंबाखाली बसून त्यानं कॅसेट मागं घेतली. आपण हे करणार नाही असं तो वाटभर म्हणत आला होता. बटण दाबलं. कोंबड्या, तागडीची साखळी, मिरच्यांचा भाव. मॅडमचा आवाज, "बोला बाई." त्याच्यापुढं नुसता बाजार. बाजार चालला होता, चालला होता, आणि त्यात कोणी बाई नव्हती. गुलाबचंदनं पार शेवटपर्यंत ऐकलं. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"गेली?"

नायक मोहनसिंग मागं उभा होता. तो कधी आला हे कळलं नव्हतं. गुलाबचंद उठायला लागला.

"गेली. मी उद्या तांडा सोडतो, नायक. पोरीला घेऊन वसमतला—"

"बस. ते पंचांचं पंच बघतील." नायक त्याच्याशेजारी मुळीवर टेकला. टेपवरची धूळ त्यानं बोटानं पुसली. मग म्हणाला, "ह्या कॅसेटीला दुसरं बी अंग असतं ना?"

"असतं."

"नानीबाईसंगं त्या बाजाराला आमची बी बसायची. सीताफळं घेऊन."

नायकाची बायको रुख्मिणीबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नायकाच्या तोंडून तिचं नाव तेव्हापासून कोणी ऐकलं नव्हतं. सुना पुण्याला बांधकामावर. घरात बाई माणूस नाही.

गुलाबचंद म्हणाला, "नायक, ती रडली असंल तर? साद द्यायला तुमच्यात कोन हाय?"

"कोन बी न्हाई." नायकानं जमिनीवरची काडी उचलून मोडली. "पन दिपा आत्ता सांगत व्हती, मॅडमपुढं बाकीच्यांनी लग्नाची गानी म्हनली. गान्याला साद लागत न्हाई. ती गानंच म्हनली असंल. तिचा गळा गोड व्हता, गुलाबचंद. तुला ठाऊक हाय."

"व्हय."

"मंग लाव."

गुलाबचंदला त्याला काय काय सांगायचं होतं. कणगीमागच्या संध्याकाळी किती गोड होत्या ते, आणि त्या कोणाच्या जिवावर होत्या ते. पण शेजारी बसलेला माणूस पटका सोडून पुन्हा नीट बांधत होता, कोणाला भेटायला जाताना बांधतात तसा. नाही म्हणायचा अधिकार सगळ्यांना असेल, आपल्याला नाही, असं गुलाबचंदला वाटलं. त्यानं कॅसेट काढली, उलटी केली, पुन्हा बसवली.

नायक उठला. लिंबाकडं तोंड आणि टेपकडं पाठ करून उभा राहिला.

गुलाबचंदनं बटण दाबलं. बाजार ऐकू आला. एक माणूस कोणाला तरी बाजूला सरक म्हणाला. मग एका बाईनं, गाणं म्हणायच्या आधी घेतात तसा, किंवा रडायच्या आधी, मोठा श्वास घेतला.